संपर्कशोध ॲप आणि लोकांची तयारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोविड-१९च्या साथीत अनेक देशांनी स्मार्टफोनवर चालणारी संपर्कशोध ॲप्स आणली आणि ती वापरायची की नाही, हा निर्णय बहुतेक ठिकाणी नागरिकांवर सोडला. लोकांनी तो निर्णय कसा घेतला, होकार कशामुळे दिला, पाऊल मागे कशामुळे घेतले आणि त्याचा साथीच्या नियंत्रणावर काय परिणाम झाला, याविषयी पुन्हा पुन्हा विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. लोकांची तयारी ही एकदा मोजली की कायम राहणारी गोष्ट नसून ती कोणत्या अटींवर मागितली जाते यावर ठरते, असे माझे मत आहे आणि पुढील बहुतेक उत्तरांमागे तेच आहे.

संपर्कशोध ॲप नेमके काय करते?

फोनमधील ब्लूटूथ काही क्षणांच्या अंतराने एक सांकेतिक क्रमांक प्रक्षेपित करत राहते आणि जवळपासच्या फोनमधील तेच ॲप तो क्रमांक टिपून ठेवते. ॲपल आणि गूगल यांनी मिळून तयार केलेल्या व्यवस्थेत हा क्रमांक साधारण दर १० ते २० मिनिटांनी बदलतो, त्यामुळे तो टिपणाऱ्याला समोरच्या व्यक्तीचे नाव, फोन नंबर किंवा ठिकाण यांपैकी काहीही कळत नाही. पुढे एखादी व्यक्ती बाधित आढळली आणि तिने ॲपमध्ये तसे कळवण्यास संमती दिली, की गेल्या काही दिवसांत तिच्या फोनजवळ पुरेसा वेळ राहिलेल्या फोनवर सूचना जाते. 'पुरेसा वेळ' म्हणजे अनेक देशांत साधारण दोन मीटरच्या आत पंधरा मिनिटे, असा ढोबळ निकष होता.

आरोग्य कर्मचारी फोन करून संपर्क शोधतच होते, मग ॲपची गरज काय होती?

कर्मचारी रुग्णाला विचारतात, "गेल्या काही दिवसांत तुम्ही कोणाकोणाला भेटलात?" रुग्णाला घरातली आणि कामावरची माणसे आठवतात, पण आगगाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी प्रवाशाचे नाव त्याला सांगता येत नाही. शिवाय या विषाणूचा प्रसार लक्षणे दिसण्याआधीच सुरू होत असे, त्यामुळे यादी करून एकेकाला फोन लावेपर्यंत संसर्गाची पुढची फेरी घडून गेलेली असायची. ऑक्सफर्ड विद्यापीठातील क्रिस्टोफ फ्रेझर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'सायन्स' या नियतकालिकात २०२० च्या वसंतात हाच मुद्दा गणिताने मांडला होता : हाताने चालणारा संपर्कशोध या विषाणूच्या वेगापुढे अपुरा पडतो आणि सूचना तत्काळ पोहोचवणारी व्यवस्था असेल, तर साथ आटोक्यात आणता येऊ शकते. ॲपने कर्मचाऱ्यांची जागा घ्यावी, असा त्याचा अर्थ नव्हता. जिथे दोन्ही व्यवस्था एकमेकींना धरून चालल्या, तिथेच ॲपचा उपयोग अधिक झाला.

लोक असे ॲप वापरण्यास तयार होते का?

कागदावर तरी होते. मार्च-एप्रिल २०२० मध्ये फ्रान्स, जर्मनी, इटली, ब्रिटन आणि अमेरिका या पाच देशांतील सुमारे ६,००० लोकांना असे ॲप घ्याल का, असे विचारण्यात आले, तेव्हा जवळपास ७५ टक्के लोकांनी 'नक्की घेऊ' किंवा 'बहुधा घेऊ' असे उत्तर दिले. कुटुंब आणि मित्रमंडळी यांचे रक्षण, समाजाप्रती जबाबदारी आणि साथ लवकर संपावी ही इच्छा, ही होकारामागची प्रमुख कारणे होती. ज्यांचा आपल्या सरकारवर विश्वास होता, त्यांच्यात होकाराचे प्रमाण अधिक होते. जर्मनी आणि अमेरिका या दोन देशांत तयारी तुलनेने कमी दिसली.

मग प्रत्यक्षात तेवढ्या लोकांनी ॲप घेतले का?

नाही, आणि ज्या देशांत ही तफावत पडली त्यांची नावे पाहिली तर अधिक आश्चर्य वाटते. फ्रान्समध्ये सर्वेक्षणातील होकार मोठा होता. तेथील 'स्टॉपकोविड' हे ॲप २ जून २०२० रोजी आले आणि ऑक्टोबरपर्यंत, सुमारे पावणेसात कोटी लोकसंख्येच्या देशात, ते ३० लाख वेळाही डाउनलोड झाले नाही. अखेर ते मागे घेऊन 'तूसअँतीकोविड' या नावाने नवे ॲप आणावे लागले. उलट सर्वेक्षणात कचरणाऱ्या जर्मनीत १६ जून २०२० रोजी आलेले 'कोरोना-वार्न-ॲप' पहिल्या सुमारे आठवड्याभरातच एक कोटीहून अधिक वेळा डाउनलोड झाले.

सर्वेक्षणाच्या वेळी लोकांसमोर ॲप नव्हते, केवळ ॲपचे वर्णन होते. माहिती गोळा कोण करणार, ती किती दिवस राहणार, बॅटरी किती खर्च होणार, यांपैकी काहीही तेव्हा ठरलेले नव्हते. त्या दिवसांत लोक घरात अडकून पडले होते, मृत्यूंचे आकडे रोज वाढत होते आणि साथ थांबवण्याच्या कोणत्याही उपायाला मनापासून होकार देणे स्वाभाविक होते. ॲप हातात येईपर्यंत उन्हाळा आला, रुग्णसंख्या उतरली, भीती ओसरली आणि प्रश्नही बदलला. 'साथ थांबावी असे तुम्हाला वाटते का' याऐवजी 'हे विशिष्ट ॲप, या विशिष्ट खात्याकडून, या अटींवर, आज तुमच्या फोनमध्ये घ्याल का' असे लोकांना विचारले जाऊ लागले.

दुसरे असे की 'वापरणे' ही एकच कृती नाही. ॲप डाउनलोड करणे, नोंदणी पूर्ण करणे, ब्लूटूथ सतत चालू ठेवणे, चाचणीचा निकाल बाधित आल्यास तो ॲपमध्ये स्वतःहून कळवणे आणि सूचना आल्यावर घरी थांबणे, अशा प्रत्येक टप्प्यावर माणसाला पुन्हा होकार द्यावा लागतो आणि प्रत्येक टप्प्यावर काही माणसे गळतात. डाउनलोडचे आकडे वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापले गेले, पण साथीच्या दृष्टीने शेवटचे दोन टप्पेच निर्णायक असतात.

निदान ६० टक्के लोकांनी वापरले नाही तर ॲपचा उपयोगच नाही, हे खरे आहे का?

हा समज चुकीचा आहे आणि त्याने बरेच नुकसान केले. एप्रिल २०२० मधील ऑक्सफर्डच्या एका प्रतिकृतीत दहा लाख वस्तीच्या काल्पनिक शहराचा विचार केला होता. त्यात असे दिसले की सर्व स्मार्टफोनधारकांपैकी ८० टक्क्यांनी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ५६ टक्क्यांनी, ॲप वापरले तर साथ थोपवता येईल. वापर याहून कमी असला तरी रुग्ण आणि मृत्यू घटतील, हेही संशोधकांनी त्याच वेळी सांगितले होते. बातम्यांतून पहिला भाग पसरला आणि दुसरा गळाला. परिणामी, "इतके लोक काही घेणार नाहीत, मग मी तरी का घ्यावे?" असा विचार अनेकांनी केला. नंतर अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याच्या आकडेवारीवर केलेल्या अभ्यासात, अवघ्या १५ टक्के लोकांनी ॲप वापरले आणि जोडीला पुरेसे संपर्कशोधक असले, तर संसर्ग सुमारे ८ टक्क्यांनी आणि मृत्यू सुमारे ६ टक्क्यांनी कमी होऊ शकतात, असा अंदाज निघाला.

मात्र कमी वापराची एक मर्यादा समजून घेतली पाहिजे. संपर्काची नोंद होण्यासाठी दोन्ही व्यक्तींकडे ॲप असावे लागते. लोकसंख्येच्या २० टक्के लोक ॲप वापरत असतील आणि ते सर्वत्र सारखे विखुरलेले असतील, तर एकूण भेटींपैकी केवळ ४ टक्के भेटींची नोंद होते. वापर ४० टक्के झाला तर १६ टक्के आणि ६० टक्के झाला तर ३६ टक्के भेटी नोंदल्या जातात. प्रत्यक्षात लोक असे सारखे विखुरलेले नसतात : एकाच कचेरीतले, एकाच महाविद्यालयातले, एकाच मित्रमंडळातले लोक एकमेकांचे पाहून ॲप घेतात, आणि अशा गटांत कमी राष्ट्रीय सरासरीतही ॲप चांगले काम करू शकते.

नकार देणाऱ्यांची कारणे कोणती होती?

सर्वांत जास्त पुढे आलेले कारण म्हणजे साथ संपल्यावरही सरकार हेच साधन लोकांवर पाळत ठेवण्यासाठी वापरेल, ही भीती. त्याखालोखाल फोन हॅक होण्याची शंका होती. या दोन्हींना अज्ञान म्हणून बाजूला सारणे योग्य नाही, कारण पुढील उत्तरांतून दिसेल की काही ठिकाणी ती भीती खरी ठरली. याशिवाय ॲपचा काही उपयोग होईल असे न वाटणे, बॅटरी लवकर संपणे, फोन जुना असणे आणि सूचना आलीच तर कामावर जाता येणार नाही ही चिंता, अशी अनेक कारणे होती. गोपनीयतेची चर्चा खूप झाली. रोजंदारी बुडण्याच्या चिंतेची चर्चा त्या मानाने फारच कमी झाली, आणि ही मला या संपूर्ण चर्चेतील मोठी उणीव वाटते.

ॲप माझे ठिकाण पाहत नाही असे सांगितले जाते, मग फोन 'लोकेशन' चालू करायला का सांगतो?

हा प्रश्न सर्वाधिक वेळा विचारला गेला आणि तो अगदी रास्त आहे. अँड्रॉइडच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये (दहाव्या आवृत्तीपर्यंत) जवळची ब्लूटूथ उपकरणे शोधायची असतील, तर फोनची 'लोकेशन' ही सोय चालू असणे आवश्यक होते, कारण ब्लूटूथच्या सिग्नलवरूनही माणूस कुठे आहे याचा अंदाज बांधता येतो आणि म्हणून ती परवानगी ठिकाणाच्या परवानगीशी जोडलेली होती. ॲपल-गूगलच्या व्यवस्थेवर उभी असलेली ॲप्स जीपीएसवरून मिळणारे ठिकाण घेत नव्हती. त्या व्यवस्थेच्या अटींनुसार त्यांना ते घेण्यास मनाईच होती.

पण वापरणाऱ्याच्या बाजूने हा क्षण पाहायला हवा. एखाद्या बाईंनी नुकतेच जाहिरातीत ऐकले आहे की हे ॲप तुमचा माग काढत नाही. त्या ॲप उघडतात, दोन पडदे पुढे जातात, आणि तिसऱ्या पडद्यावर फोन सांगतो की लोकेशन चालू केल्याशिवाय हे ॲप चालणार नाही. त्यामागचे तांत्रिक कारण त्यांना कोणी सांगितलेले नाही. समोर दिसते ते इतकेच की सांगितले एक आणि मागितले दुसरे. त्या तिथेच थांबल्या तर त्यात त्यांचा दोष नाही. अनेक ॲप्समध्ये या एका पडद्यावर साध्या भाषेतील दोन वाक्यांचा खुलासा असता, तरी बराच संशय टळला असता.

माहिती फोनमध्ये राहते की सरकारी सर्व्हरवर, याने लोकांच्या तयारीत फरक पडतो का?

पडतो, पण वेगळ्या वाटेने. केंद्रीभूत रचनेत बाधित व्यक्तीच्या फोनमधील संपर्कांची नोंद सर्व्हरवर जाते आणि कोणाला सूचना द्यायची हे तेथे ठरते. विकेंद्रित रचनेत केवळ बाधित व्यक्तीचे सांकेतिक क्रमांक प्रसिद्ध होतात आणि प्रत्येक फोन आपल्यापाशी जुळणी करून पाहतो, त्यामुळे कोण कोणाला भेटले याचा नकाशा कोणाच्याही हाती पडत नाही. स्वित्झर्लंडमधील लोझान येथील संशोधक कार्मेला ट्रोन्कोसो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विकेंद्रित रचनेचा आराखडा मांडला. एप्रिल २०२० मध्ये अनेक देशांतील सुमारे ३०० शास्त्रज्ञांनी खुले पत्र लिहून केंद्रीभूत रचनेतून पाळतीचा धोका संभवतो असा इशारा दिला, आणि त्याच महिन्यात जर्मन सरकारने आपली दिशा बदलली.

सामान्य वापरकर्त्याला या दोन रचनांतील भेद बारकाईने समजतो, असे मानण्याचे कारण नाही. पण तो भेद ज्यांना समजतो, त्यांच्याकडे लोक पाहतात. जर्मनीत ॲपचा संपूर्ण सोर्स कोड आधीच खुला केला गेला, गोपनीयतेसाठी झगडणाऱ्या तज्ज्ञांनी तो तपासला आणि एरवी सरकारवर कडक टीका करणाऱ्यांचा सूर या वेळी सौम्य राहिला. बहुसंख्य लोकांनी कोडची एक ओळही वाचली नसेल, पण वाचणाऱ्यांना वाचू दिले आहे ही गोष्ट त्यांच्यापर्यंत पोहोचली.

विकेंद्रित रचनेची किंमतही आहे. आरोग्य यंत्रणेला साथ कुठे पसरते आहे याचे चित्र त्यातून मिळत नाही, आणि फ्रान्स व सिंगापूर यांनी केंद्रीभूत रचना निवडताना नेमका हाच युक्तिवाद केला होता. तो पोकळ नव्हता.

दिलेले वचन मोडले गेल्याची उदाहरणे आहेत का?

सर्वांत बोलके उदाहरण सिंगापूरचे आहे. 'ट्रेसटुगेदर' हे ॲप तेथे २० मार्च २०२० रोजी आले. देशव्यापी संपर्कशोध ॲप्समध्ये ते अगदी सुरुवातीचे होते आणि त्याचा कोडही खुला करण्यात आला. जमलेली माहिती केवळ संपर्कशोधासाठी वापरली जाईल, असे आश्वासन मंत्र्यांनी जाहीरपणे दिले होते. वर्षअखेरीस सुमारे ७० टक्के लोक ही व्यवस्था वापरू लागले. त्यानंतर, जानेवारी २०२१ मध्ये, फौजदारी प्रक्रिया संहितेखाली पोलिसांनाही ही माहिती मिळवता येते आणि एका खुनाच्या तपासात तिचा वापर झालेला आहे, असे संसदेत सांगण्यात आले. लोकांत नाराजी उमटली, संबंधित मंत्र्यांनी ही बाब आधी लक्षात घेतली नसल्याची कबुली दिली, आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये गंभीर गुन्ह्यांच्या सात प्रकारांपुरताच असा वापर मर्यादित करणारा कायदा संमत झाला.

येथे पोलिसांच्या हेतूविषयी काही म्हणायचे नाही. खुनाचा तपास लागावा असे कोणालाही वाटेल. प्रश्न असा आहे की लोकांनी होकार दिला तो एका अटीवर, आणि ती अट मुळातच कायद्यात नव्हती. मंत्र्याचे आश्वासन आणि कायद्यातील तरतूद यांत विसंगती असेल, तर चालते ती तरतूद. म्हणून पुढच्या वेळी ॲप येण्याआधी कायदा यावा, हा आग्रह नागरिकांनी धरला पाहिजे.

नॉर्वेत वेगळे घडले. तेथील 'स्मिटेस्टॉप' हे ॲप ब्लूटूथबरोबर जीपीएसची माहितीही घेऊन ती मध्यवर्ती साठवत होते. रुग्णसंख्या कमी असताना इतकी माहिती घेणे प्रमाणाबाहेर आहे, असा आक्षेप तेथील माहिती संरक्षण प्राधिकरणाने घेतला आणि जून २०२० मध्ये सार्वजनिक आरोग्य संस्थेने ॲप थांबवून जमलेली माहिती पुसली. डिसेंबरमध्ये विकेंद्रित रचनेचे नवे ॲप आले. स्वतंत्र प्राधिकरणाने सरकारी ॲप थांबवले, ही घटना काहींना अपयश वाटली. मला ती देखरेखीची व्यवस्था जिवंत असल्याची खूण वाटते.

ॲप सक्तीचे केले तर प्रश्न सुटणार नाही का?

संख्या वाढते, पण उपयोग तितका वाढेल याची खात्री नसते. भारतात 'आरोग्य सेतू' हे ॲप २ एप्रिल २०२० रोजी आले. १ मे रोजीच्या केंद्रीय गृह मंत्रालयाच्या आदेशाने ते सरकारी आणि खाजगी कर्मचाऱ्यांना बंधनकारक करण्यात आले. त्या वेळी देशात वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा स्वतंत्र कायदा नव्हता, तो २०२३ मध्ये झाला. अशा कायद्याचा पहिला मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्ष, सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांनी ही सक्ती पूर्णतः बेकायदेशीर असल्याचे मत जाहीरपणे मांडले. १७ मे रोजीच्या नव्या आदेशात शब्द सौम्य झाले आणि मालकांनी आपल्या कर्मचाऱ्यांनी ॲप घ्यावे यासाठी शक्य तितका प्रयत्न करावा, असे सांगण्यात आले. डाउनलोडचा आकडा तोवर दहा कोटींच्या घरात गेला होता.

सक्तीने ॲप घेतलेला माणूस पहारेकऱ्याला दाखवण्यापुरते ते उघडतो आणि नंतर ब्लूटूथ बंद करतो. संमतीच्या पुढच्या टप्प्यांवर, म्हणजे निकाल कळवताना आणि घरी थांबताना, कोणी पहारेकरी उभा नसतो. कतारमध्ये 'एहतेराझ' हे ॲप बंधनकारक होते आणि मे २०२० मध्ये त्यातील एका सुरक्षा त्रुटीमुळे मोठ्या संख्येने लोकांची वैयक्तिक माहिती उघडी पडू शकली असती, हे ॲम्नेस्टी इंटरनॅशनलने निदर्शनास आणले. जिथे नकार देण्याची मुभाच नाही, तिथे अशा त्रुटीचा भार नागरिकाला निमूटपणे वाहावा लागतो.

ऑस्ट्रेलियाने नेमकी उलटी वाट धरली. 'कोविडसेफ' वापरण्याची सक्ती कोणी केली, ते नाही म्हणून कामावर किंवा दुकानात प्रवेश नाकारला, तर तो गुन्हा ठरवणारा आणि कारावासाची तरतूद असलेला कायदा तेथे मे २०२० मध्ये झाला.

स्मार्टफोन नसलेल्यांचे काय?

त्यांना 'तयार नसलेले' म्हणणे अन्यायाचे आहे, कारण त्यांना विचारलेच गेले नाही. वृद्ध, गरीब आणि जुने फोन वापरणारे लोक, ज्यांना आजाराचा किंवा संसर्गाचा धोका अनेकदा अधिक होता, तेच या व्यवस्थेबाहेर राहिले. सिंगापूरने ज्येष्ठांपासून सुरुवात करून खिशात ठेवता येतील अशी लहान ब्लूटूथ उपकरणे वाटली. भारतात साध्या फोनवरून वापरता येईल अशी दूरध्वनीसेवा सुरू करण्यात आली, पण दूरध्वनीवर लक्षणे सांगता येतात, संपर्क टिपले जात नाहीत.

जाहिरात, आवाहन किंवा पैसे देऊन वापर वाढतो का?

जर्मनीत झालेल्या एका प्रयोगात ॲप न घेतलेल्या लोकांपैकी काहींना माहिती देणाऱ्या, तर काहींना जबाबदारीची जाणीव करून देणाऱ्या चित्रफिती दाखवण्यात आल्या. त्यांचा परिणाम नगण्य होता. ज्यांना ॲप घेतल्याबद्दल एक, दोन किंवा पाच युरो इतकी छोटी रक्कम देऊ केली, त्यांच्यात मात्र वापर ठळकपणे वाढला. माझ्या वाचनानुसार याचा अर्थ असा की ॲप न घेणाऱ्यांमध्ये ठाम विरोधक थोडे आणि 'नंतर बघू' म्हणणारे बरेच असतात, आणि या दुसऱ्या गटाला उपदेशापेक्षा छोटेसे निमित्त पुरते. ठाम विरोधकांचे आक्षेप पैशाने मिटत नाहीत आणि मिटू नयेत.

ही ॲप्स खरोखर उपयोगी पडली का?

इंग्लंड आणि वेल्समधील पुरावा सर्वांत भक्कम आहे. तेथील पहिले, केंद्रीभूत रचनेचे ॲप वाइट बेटावरील चाचणीनंतर जून २०२० मध्ये सोडून देण्यात आले आणि विकेंद्रित रचनेचे नवे ॲप २४ सप्टेंबर २०२० रोजी आले. 'नेचर'मध्ये २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार पहिल्या सुमारे तीन महिन्यांत ते सुमारे १ कोटी ६५ लाख लोक, म्हणजे लोकसंख्येच्या सुमारे २८ टक्के, नियमितपणे वापरत होते. सुमारे १७ लाख सूचना पाठवल्या गेल्या आणि मोजण्याच्या पद्धतीनुसार सुमारे २,८४,००० ते ५,९४,००० संसर्ग टळल्याचा अंदाज निघाला. ॲप वापरणाऱ्यांचे प्रमाण लोकसंख्येच्या एक टक्क्याने वाढले की रुग्णसंख्या ०.८ ते २.३ टक्क्यांनी घटते, असेही त्यात दिसले. २८ टक्क्यांवर हे घडले, हे ६० टक्क्यांच्या गैरसमजाच्या संदर्भात लक्षात ठेवण्यासारखे आहे.

ऑस्ट्रेलियाचा अनुभव याच्या अगदी विरुद्ध आहे. 'कोविडसेफ'वर ७० लाखांहून अधिक लोकांनी नोंदणी केली, म्हणजे सुरुवातीची तयारी भरपूर होती. पण दोन वर्षांत ८०० पेक्षाही कमी बाधितांनी आपली माहिती देण्यास संमती दिली आणि कर्मचाऱ्यांना अन्यथा सापडले नसते असे केवळ २ रुग्ण आणि १७ संपर्क त्यातून हाती लागले. ऑगस्ट २०२२ मध्ये ते बंद करण्यात आले. लोकांनी पहिल्या टप्प्यावर दिलेला होकार पुढच्या टप्प्यांपर्यंत टिकला नाही आणि आयफोनवर पार्श्वभूमीत नीट न चालण्यासारख्या अडचणींमुळे तो टिकण्यासारखी परिस्थितीही नव्हती.

सूचना आल्यावर लोक खरोखर घरी थांबले का?

काही थांबले, काही नाही, आणि यामागील कारणे समजून घेण्यासारखी आहेत. फोनवर सूचना येते : तुम्ही अलीकडे एका बाधित व्यक्तीच्या जवळ होता, घरी थांबा. कोणाच्या जवळ, कुठे, हे ॲप सांगत नाही, कारण गोपनीयतेसाठी ते सांगता येऊच नये अशी रचना आहे. भेटीला कधीकधी चार-पाच दिवस उलटलेले असतात. माणूस त्या दिवशी आपण कुठे होतो हे आठवत बसतो आणि आठवण्यासारखे काही सापडले नाही, तर सूचनेवरच शंका घेतो. ब्लूटूथवरून अंतर मोजणे हे काम अचूक नाही, ही त्याची शंका निराधारही नसते : डब्लिनमधील संशोधकांनी ट्रामच्या धातूच्या डब्यात मोजमाप केले, तेव्हा सिग्नलच्या तीव्रतेवरून जवळचा आणि दूरचा प्रवासी ओळखणे जवळपास अशक्य असल्याचे आढळले.

त्यापलीकडचा प्रश्न पोटाचा आहे. इंग्लंडमध्ये कमी उत्पन्नाच्या लोकांना विलगीकरणात राहिल्यास ५०० पौंडांचे साहाय्य सप्टेंबर २०२० पासून मिळू लागले. पण ॲप नाव-गाव न जाणता सूचना देत असल्यामुळे, ॲपची सूचना आलेल्यांना सुरुवातीला ते मागता येत नव्हते. डिसेंबरमध्ये ही सोय झाली. म्हणजे मधल्या काळात, कर्मचाऱ्याच्या फोनवरून कळलेल्या माणसाला साहाय्य होते आणि ॲपवरून कळलेल्या माणसाला नव्हते. ज्याने स्वेच्छेने ॲप घेतले, त्यालाच त्याची झळ बसावी, हे कोणत्याही दृष्टीने न्याय्य नव्हते. जुलै २०२१ मध्ये सूचनांची संख्या इतकी वाढली की कामगारांअभावी व्यवसाय अडले, अनेकांनी ॲप काढून टाकले आणि ऑगस्टच्या सुरुवातीला लक्षणे नसलेल्या बाधितांचे मागचे पाच दिवसांऐवजी दोनच दिवसांचे संपर्क पाहण्याचा बदल करावा लागला.

तांत्रिक चुकांचा लोकांच्या विश्वासावर परिणाम झाला का?

झाला. जपानमधील 'कोकोआ' या ॲपची अँड्रॉइड आवृत्ती सप्टेंबर २०२० पासून सूचना पोहोचवतच नव्हती आणि हे फेब्रुवारी २०२१ मध्ये उघड झाले. चार महिने लोक सूचना आली नाही म्हणून निश्चिंत होते. आयर्लंडमध्ये ऑगस्ट २०२० मध्ये एका अद्ययावतीकरणातील दोषामुळे फोनची बॅटरी झपाट्याने उतरू लागली आणि अनेकांनी ॲप काढून टाकले. दोष नंतर दूर झाला, पण गेलेले सगळे वापरकर्ते परतत नाहीत.

पुढील साथीसाठी सर्वेक्षण करायचे असेल तर काय विचारावे?

'असे ॲप वापराल का' हा एकच प्रश्न विचारून मिळालेला आकडा फारसा कामाचा नाही. प्रत्येक टप्प्याबद्दल वेगळे विचारावे : घ्याल का, महिनाभर चालू ठेवाल का, बाधित आढळल्यास कळवाल का, सूचना आल्यास घरी थांबाल का, आणि पगार बुडणार असेल तरी थांबाल का. अटी बदलून विचारावे, म्हणजे माहिती फोनमध्येच राहणार असेल तर आणि सर्व्हरवर जाणार असेल तर उत्तर कसे बदलते ते दिसेल. केवळ ऑनलाइन सर्वेक्षण करू नये, कारण ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही ते त्यात येतच नाहीत आणि तयारीचा आकडा फुगतो. ज्यांनी नकार दिला, त्यांना 'कोणती अट असती तर होकार दिला असता' असे आवर्जून विचारावे.

साथ संपल्यावर ॲप फोनमध्ये राहिले तर काही धोका आहे का?

कोविड-१९साठीची बहुतेक ॲप्स आता बंद झाली आहेत. इंग्लंड आणि वेल्समधील ॲप २७ एप्रिल २०२३ रोजी बंद झाले आणि जर्मनीतील ॲपने त्याच वर्षीच्या १ जूनपासून काम थांबवले. ॲपल-गूगलच्या व्यवस्थेतील सांकेतिक क्रमांक फोनमध्ये साधारण १४ दिवसच ठेवले जात असल्यामुळे त्यातील जुन्या नोंदी केव्हाच पुसल्या गेल्या आहेत. ज्या ॲप्सनी नोंदणीच्या वेळी नाव, फोन नंबर किंवा वय घेतले होते, त्यांच्या बाबतीत केवळ ॲप काढल्याने सर्व्हरवरील माहिती पुसली जाते असे नाही. अशा ॲपमध्ये खाते बंद करण्याची सोय असेल तर ती आधी वापरावी, खाते बंद झाल्याची खात्री करावी आणि त्यानंतरच ॲप फोनमधून काढावे.